चुलीपुढचा बिशप

“या घरात आधी कुत्र्याची पाठ शेकायची, मग माझे गुडघे,” हॅनाबाई पुटपुटली. पुटपुटली म्हणजे अशी, की सुनेला नीट ऐकू जावं, पण सुनेनं ऐकलं असं कुणाला म्हणता येऊ नये.

ब्रीदा पातेल्यात शिळा पाव कुस्करत होती. मेंढीच्या मुंडीचा रस्सा पहाटेपासून चुलीवर होता आणि स्वयंपाकघरभर त्याचा चिकट वास भरला होता. “आई, खुर्ची इकडं ओढून घ्या ना,” ती म्हणाली.

“इकडं म्हणजे कुठं? तिथं त्याचे पाय आहेत.”

होतेच. लोखंडी चुलीपुढची सगळी फरशी बिशपनं अडवली होती. शर्यतीचा कुत्रा तो: काळा, लांबलचक, अंगावर चिमटीत धरायलाही चरबी नाही. पोट आणि मांड्या थेट चुलीच्या तापल्या दाराकडं करून तो असा झोपला होता, जणू हे घर त्याच्या नावावर आहे. कातडी गरम होऊन तिला चकाकी आली होती. मधेच झोपेत त्याचे मागचे पाय फडफडत. कुठल्या तरी मैदानात तो अजून धावत होता.

“ऊठ रे, धर्मगुरू,” हॅनाबाईनं काठीचं टोक त्याला हलकेच लावलं. त्यानं एक डोळा उघडला आणि मिटला. बिशप हे नाव हॅनाबाईनंच ठेवलं होतं. पिल्लू असताना तो खोलीत येई तो असा, की सगळ्यांनी उठून उभं राहावं. शर्यतीच्या कागदावर तो ग्लेनरो रोव्हर होता. पण कागदावरच्या नावानं घरात कुत्र्याला कोण हाक मारतं?

त्याला चुलीपुढं आणला तो कॉन हॅकेटनं, हॅनाबाईच्या लेकानं, ब्रीदाच्या नवऱ्यानं. डब्लिनची मोठी शर्यत जिंकून ते परतले तेव्हा कॉननं गाडीतून त्याला दोन्ही हातांवर उचलून घरात आणलं आणि चुलीपुढं स्वतःचा कोट अंथरला. “आजपासून हा गोठ्याशेजारी झोपणार नाही,” तो म्हणाला. टिपरारी जिल्ह्यात कुणी असं करत नसे. कुत्री शेडमध्ये, गवताच्या पेंढ्यावर. पण आख्खं आयर्लंड जिंकणारं कुत्रं तरी कुणाच्या शेडमध्ये होतं? त्या दिवशी हॅनाबाईनंसुद्धा डोळे पुसले होते आणि गुडघे मागं घेतले होते.

ती शर्यत ग्लेनरो गावात अजून लोक सांगतात, आणि प्रत्येक जण वेगळी सांगतो. ब्रीदाला खरी माहीत होती, कारण ती पिल्लापासून माहीत होती.

हॅनाबाईनं पाळलेला एक हंस होता, डोक्यानं सटकलेला. लांब कुरणाच्या आतल्या बाजूला, फाटकाच्या खांबापाशी तो राज्य करी. पिल्लं तिथं वळण घेऊन पळत, आणि आतून जाईल त्याच्या कानाला हंस चोच लावी. बाकीची पिल्लं चार दिवस शहाणी होत आणि पुन्हा विसरत. बिशपला एकदाच चोच बसली. त्यानंतर तो जन्मभर बाहेरून पळाला. वळणावर इतर कुत्री आतल्या बाजूला अंगावर अंग घासत, आणि हा एकटा कडेकडेनं, लांबचा रस्ता घेऊन, आपल्याच वाऱ्यात.

कॉन कपाळाला हात लावी. “इतकं जास्तीचं अंतर पळतं गाढव!”

“पळू दे,” ब्रीदा म्हणे. “त्याला कुणाचा धक्का तर लागत नाही.” रोज सकाळी गाईंची धार झाली की तीच त्याला रस्त्यावर चालवी, पावसात, धुक्यात, टोपीवरून पाणी गळत. परत आल्यावर घोड्याच्या केसांचा हातमोजा घालून त्याचं अंग मांडीपासून खांद्यापर्यंत घासून काढी. कुठला स्नायू दुखतोय ते तिच्या तळव्याला त्याच्याआधी कळे.

अंतिम शर्यतीत त्याच्या वाट्याला सुटायचा पहिला पिंजरा आला. अंगात त्या नंबरची लाल अंगी. म्हणजे अगदी आतला. कडेनं पळणाऱ्याला आतला पिंजरा, म्हणजे संपलंच. कॉनचा चेहरा पिठासारखा झाला. यांत्रिक ससा खडखडत आला, पिंजऱ्यांची झडप उघडली, आणि बिशप बाहेर पडला तो सगळ्यांच्या शेवटी. लोकांनी हाय खाल्ली. ब्रीदानं नाही. तो मागं राहिला म्हणूनच त्याला पाचही कुत्र्यांच्या मागून तिरकं कापून बाहेरची कड गाठता आली. पहिल्या वळणावर पाची जणं एकमेकांवर आदळली, निळी अंगी पांढरीत घुसली, नारिंगी लोळली. आणि त्या सगळ्या गोंधळाला वळसा घालून, जणू मध्ये हंसच उभा आहे, बिशप गेला. पुढं कुणीच नव्हतं. शेवटच्या सरळ पट्ट्यात तो इतका एकटा होता की ब्रीदाला त्याची दया आली.

मग फोटो. कप, हार, कॉन, बिशप. “बाई, तुम्ही जरा बाजूला,” फोटोवाला म्हणाला. ती सरकली, पण कुत्रं थरथरत होतं म्हणून हात त्याच्या पाठीवरून काढला नाही. तो फोटो चुलीच्या वर, येशूच्या तसबिरीशेजारी लावला आहे. त्यात कॉन आहे, कुत्रं आहे, आणि कडेनं आलेला एका बाईचा हात आहे.

पुढच्या वसंतात धावताना बिशपच्या पुढच्या पायाचं मनगट गेलं. धावणं संपलं. मग वळू म्हणून त्याचं दुसरं आयुष्य सुरू झालं. त्याच्यासाठी देशभरातून कुत्र्या यायला लागल्या.

हे काम दिसायला सोपं, करायला नाही. शेडमध्ये ब्रीदा कुत्रीचं डोकं दोन्ही गुडघ्यांत धरून बसायची, तोंडाला मुसकी, कानाशी गोड बोलत. कॉन मागून बिशपला आधार द्यायचा. कुत्रीचा मालक समोर उभा असायलाच हवा, आपल्या डोळ्यांनी बघायलाच हवं, ही रीत. दोन्ही कुत्री अडकून उभी राहत तोवर माणसंही अडकून उभी. मालक छताकडं बघून म्हणे, “यंदा गवत लवकर कापायला येईल.” कॉन म्हणे, “हं, पाऊस थांबला तर.” जगातली सगळी हवामानाची चर्चा त्या शेडमध्ये झाली असेल.

पहिल्या उन्हाळ्यात आलेल्या दोन कुत्र्या फळल्या. आठ-आठ पिल्लं. कॉन महिनाभर शीळ घालत होता. मग हिवाळा आला, आणि गाड्या परत यायला लागल्या.

कुत्री रिकामी राहिली तर दुसऱ्या खेपेला फुकट, हीही रीतच. त्यामुळं तीच गाडी पुन्हा दिसली की कळायचं. ग्लेनरोचा रस्ता अरुंद, दोन्हीकडं काटेरी कुंपणं. एकही गाडी न बघता जाऊ देईल असं एकही घर त्यावर नाही. “काल लार कडिहीची लाल व्हॅन पुन्हा वर गेली वाटतं,” दुकानात कुणीतरी ब्रीदाला म्हणालं आणि साखर तोलत राहिलं. “वाट विसरला असेल,” ब्रीदा म्हणाली आणि पिशवी उचलली. हसायचं तर आपण आधी हसावं, हे तिला फार वर्षांपूर्वी उमगलं होतं.

घरात मात्र कुणी हसत नव्हतं. कॉनकडं कारणं होती. ही कुत्री पावसातून आली. त्या दुसरीचा माज उतरला होता. त्या तिसरीचं वय झालं. हॅनाबाई माळ ओढत मान डोलवी, “कुत्रीच थंड. आपल्याकडं काय कमी आहे?”

हे वाक्य ब्रीदाच्या ओळखीचं होतं. लग्न होऊन ती या घरात आली आणि दोन-तीन वर्षांत पाळणा हलला नाही, तेव्हापासून ते भिंतीत मुरलं होतं. पवित्र विहिरीवर फडकी बांधून झाली. बेटावरच्या यात्रेला अनवाणी जाऊन झालं, पायाला खडे टोचून रक्त आलं. चर्चमधून बाहेर पडताना बायका तिच्या दंडाला हात लावत, हळूच, जणू तिथं भाजलंय. शेवटी एकदा ती कुणाला न सांगता क्लोनमेलच्या डॉक्टरकडं गेली. त्यानं तपासलं आणि सांगितलं, “तुमच्यात काही नाही, बाई. नवऱ्याला पाठवा, त्याचं वीर्य सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली बघू.” तिनं घरी येऊन सांगितलं. कॉन कुदळ धुत होता. मान वर न करता म्हणाला, “माझं काही काचेखाली जाणार नाही.” एवढंच. त्यानंतर दोघंही त्या वाक्याला वळसा घालून पळत आले होते.

फेब्रुवारीत एका गाईचं वासरू आडवं आलं म्हणून ढोरांचा डॉक्टर मॅकग्रा आला. वासरू निघालं, जगलं. हात धुवायला तो स्वयंपाकघरात आला आणि बिशपला बघून थबकला.

“हा इथं झोपतो?”

“मग कुठं झोपवू, हॉटेलात?” कॉन म्हणाला.

“कधीपासून?”

“जिंकला तेव्हापासून. का?”

मॅकग्रानं गुडघ्यावर बसून बिशपच्या मांडीमागं हात घातला आणि लगेच चुलीच्या दाराला लावून बघितला. “पावासारखा भाजतोय रे हा. आणि कुत्र्या रिकाम्या राहतात म्हणून गावभर बोभाटा. उन्हाळ्यात कुठं पडून असायचा?”

“अंगणात,” ब्रीदा म्हणाली. “सावलीला.”

“आणि तेव्हाच्या फळल्या.”

चुलीत पीटची, वाळवलेल्या दलदली मातीची, एक वडी खचली.

“देवानं ती पिशवी अंगाबाहेर उगाच टांगलेली नाही,” मॅकग्रा हात पुसत म्हणाला. “तिला गारवा लागतो. शेडमध्ये टाका त्याला, कोरड्या पेंढ्यावर. दोनेक महिने एकही कुत्री लावू नका. आणि मला थेंबभर आणून द्या, काचेखाली बघून सांगतो. हे बरं होण्यासारखं आहे. मोठेपणी गालगुंड झालेल्या पुरुषाचं होतं, तसं कायमचं नाही—”

“चहा घेणार ना, डॉक्टर?” हॅनाबाई एवढ्या मोठ्यानं म्हणाली की बिशपनं मान उचलली. तिच्या मांडीवरची माळ खाली पडली होती. ती उचलायला कुणीच वाकलं नाही.

कॉननं टोपी घातली. “माझ्या कुत्र्याचं काही काचेखाली जाणार नाही,” तो म्हणाला आणि वासराकडं निघून गेला.

ब्रीदानं माळ उचलून सासूच्या हातात दिली. म्हातारीनं तिच्याकडं बघितलं नाही. मण्यांकडं बघितलं.

त्याच दुपारी ब्रीदानं शेड धुतली. कोपऱ्यातली कोळिष्टकं काढली, जमिनीपासून वीतभर उंच फळी बसवली, वर सोनेरी पेंढा टाकला आणि बिशपला गळ्याला धरून नेलं. तो दारात थांबून तिच्याकडं असा बघत राहिला, जसा एखादा पाहुणा चुकीच्या खोलीत नेल्यावर बघतो. “चल, बिशपसाहेब. तुमच्याच भल्याचं आहे.” सकाळी ती खाली आली तर तो पुन्हा चुलीपुढं. पेंढ्याची एक काडी कानावर अडकलेली.

“थंडी होती,” कॉन म्हणाला.

“गोठ्यात गाईंना नव्हती?”

“गाईंनी डब्लिन जिंकलं नाही.”

असं सात-आठ दिवस चाललं. ती बाहेर नेई, तो आत आणी. भांडण असं नाहीच. दोघंही कुत्र्याशी मात्र फार प्रेमानं बोलत. शेवटी एकदा रस्त्यावरून परतताना ब्रीदानं मधेच थांबून सांगितलं, “कॉन, एकतर कुत्रं बाहेर काढ, नाहीतर गाड्या बंद कर. माणसं लांबून येतात. आपल्या कुत्र्यात दोष आहे हे माहीत असून मी त्यांच्या कुत्रीचं डोकं धरून बसणार नाही.”

“माहीत कुणाला आहे?”

“तुला,” ती म्हणाली. “आणि मला.”

पाऊस आडवा येत होता. तो पुढं चालत राहिला. पण त्या आठवड्यात केरीहून आलेली एक गाडी त्यानं फाटकातूनच परतवून लावली. “कुत्रं लंगडतंय,” असं सांगितलं. आणि बिशप मागून उड्या मारत आला तेव्हा शरमेनं कॉनचे कान लाल झाले. ब्रीदानं खिडकीतून ते बघितलं. निदान खोटं बोलायला तरी त्याला आता जड जातंय, हे पाहून तिला जरा बरं वाटलं.

लार कडिही आला तो रविवारी दुपारी, जेवणं आटोपताना. व्हॅन फाटकाबाहेरच ठेवून चालत आला. सुतळीच्या दोरीला धरून त्याची पॉली. ही तीच तांबूस कुत्री, जी दोनदा येऊन दोनदा रिकामी राहिली होती.

“शेडमध्ये नेतोस का?” कॉननं विचारलं. आवाज आधीच पडलेला.

“नाही रे लेका. फक्त भेटायला थांबलो. बाईंच्या हातचा चहाही प्यावा म्हटलं.” तो टेबलाशी बसला. भला माणूस, बायको वारलेली, भावाच्या घरात एका खोलीत राहणारा. “पुढं जायचंय. शिकारीच्या कुत्र्यांच्या कोठीवर.”

ब्रीदाचा हात किटलीवर थांबला. त्या कोठीवर माणसं कुत्र्यांच्या खाण्यासाठी मेलेली गुरं नेऊन देतात. मरायची राहिलेलीही. तिथं बंदूक असते.

पॉली टेबलाखालून आली आणि ब्रीदाच्या गुडघ्यांना टेकून उभी राहिली. या कुत्र्यांची सवयच ती, सगळा भार समोरच्यावर टाकायचा. ज्या गुडघ्यांत दोनदा डोकं धरलं गेलं होतं ते तिच्या लक्षात होते.

“चांगली पळायची रे,” कॉन म्हणाला.

“पळायची. क्लोनमेलला काय पळायची! पण आता पळायचं वय गेलं. वाटलं होतं, बिशपची दोन पिल्लं झाली तर म्हातारपणी जिवाला काही उद्योग. दोनदा रिकामी. भाऊ म्हणतो, फुकट खाणारं एकच तोंड पुरे, आणि ते तुझं आहे.” लार हसला. त्या हसण्यात काही नव्हतं. “आता वांझ कुत्री घेऊन काय करू, तूच सांग.”

तो शब्द या स्वयंपाकघरात आजवर कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता. लारला ते ठाऊक नव्हतं. त्यानं चहात साखर ढवळली.

“कुत्रीच थंड होती रे, लार,” हॅनाबाई चुलीपाशी बसून घाईघाईनं म्हणाली. “मी तेव्हाच म्हटलं होतं. पावसात आणलीस तू. काही काही थंडच असतात जन्मापासून. देवाची मर्जी, दुसरं काय.”

ब्रीदानं किटली खाली ठेवली. तिला राग आला नव्हता, याचं तिलाच नवल वाटलं. उलट सगळं कसं स्वच्छ दिसायला लागलं होतं, धार काढून झाल्यावर गोठ्याचं दार उघडावं तसं. ही कुत्री आज कोठीवर जाणार नाही. बस. पुढचं पुढं. तिनं पॉलीच्या कपाळावर हात ठेवला.

“लार,” ती म्हणाली.

“थांब, ब्रीदा.”

कॉन उभा राहिला होता. फोटोखाली, हातात टोपी, जणू चर्चमध्ये. बिशप त्याच्या बुटांवर डोकं टाकून घोरत होता. कॉन वाकला, त्याला पोटाखालून उचललं, दार लाथेनं उघडलं आणि बाहेर अंगणात गारठ्यात उभा केला. दार लावून परत आला. फरशीवर कुत्र्याच्या आकाराची कोरडी, उबदार जागा उरली.

“पॉलीला घरी ने,” तो म्हणाला. “तिच्यात खोट नाही. माझ्या कुत्र्यात आहे. चुलीनं भाजला मी त्याला, आणि डॉक्टरनं सांगितल्यावरही भाजत राहिलो. गवत कापायच्या दिवसांत तिचा माज आला तर आण. तोवर तो बाहेर झोपेल. तरी नाही फळली, तर ती इथंच राहील, ब्रीदापाशी.”

“अरे, पण लोक म्हणतात—” लार गोंधळून म्हणाला.

“लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे.”

“कॉन,” हॅनाबाई म्हणाली. “परक्यापुढं घरातलं काढू नये रे.”

“आई, घरातलं घरातच ठेवलं. सगळा परगणा मात्र हिच्या दंडाला हात लावत राहिला.”

म्हातारी हळूच खुर्ची ओढून त्या रिकाम्या, उबदार फरशीवर सरकली आणि आगीकडं बघत बसली. बाहेर बिशप दार खरवडत होता.

कॉन ब्रीदाकडं बघू शकत नव्हता. लारकडं बघूनच बोलला.

“तू उद्या डेअरीवर भावाचं दूध घालायला जाशील. तिथं सांगशील, की हॅकेटचा बिशप रिकामा निघाला. सांग. सांगायलाच हवं. पण तेवढंच सांगून थांबू नकोस. सांग, की ब्रीदात कधीच काही खोट नव्हती. लग्नाआधी गालगुंड मला झालं होतं. आम्हाला पोर झालं नाही ते माझ्यामुळं, आणि या घरात आम्हा तिघांनाही ते ठाऊक होतं.”